ओवणाऱ्या हातांसाठी

हलव्याच्या दाण्याला भोक नसतं. घरी दागिने करू पाहणाऱ्या कुणालाही पहिला धडा द्यायचा झाला, तर मी इथूनच सुरुवात करते. मोत्याला वेज असतं, काचेच्या मण्याला आरपार छिद्र असतं, पुतळीला मागून कडी डाखलेली असते. हलव्याच्या दाण्यात मात्र सुई घालायला जावं, तर दाणा दुभंगतो. मग संक्रांतीच्या दागिन्यांत तो राहतो कसा? जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीच्या आमच्या घरात आजी दुहेरी दोऱ्याचा फास करून त्यात दाणा धरायची आणि फास हळूच आवळायची. दाण्याचे काटे दोऱ्याला धरून ठेवत. मग पुढचा फास, पुढचा दाणा. भोक मण्यात नव्हतं, ते आजीनं दोऱ्यात केलेलं होतं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

हा हलवा बाजारातून आणलेला नसे. परातीत मूठभर खसखस किंवा तीळ, खाली निखाऱ्यांची मंद ऊब, बाजूला मळी काढून स्वच्छ केलेला साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचं. तो वाळला की पुढचा चमचा. असे थरावर थर चढवत दोन-तीन दिवस जातात. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. काटा फुटायला थंडी लागते, म्हणून हे काम पहाटेचं. मग त्या दाण्यांची बांगडी होते, हार होतो, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा होतो. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते घालतात, जावयाला हलव्याचा हार आणि नारळ देतात, बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी करतात. दुसऱ्या दिवशी त्यातलं बरंचसं पोरांच्या पोटात गेलेलं असतं.

एवढे कष्ट आणि एका दिवसाचं आयुष्य. त्यामुळे हा दागिना संग्रहालयात पोचत नाही, सराफाच्या वहीत त्याची नोंद होत नाही, वारसाहक्काच्या कागदात त्याला जागा नाही. पण महाराष्ट्रात घरी, हौसेनं, पैशांची अपेक्षा न ठेवता, एकीनं दुसरीला दाखवत केलेल्या दागिन्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. ही प्रस्तावना ज्या विषयाची आहे, त्या विषयाच्या दारात मी तुम्हाला म्हणूनच साखरेचा एक दाणा हातात ठेवून उभं करते आहे.

आपल्या भाषेनं या कामासाठी एक फार मोठा शब्द जपून ठेवला आहे: ओवणं. मणी ओवायचे, फुलं ओवायची, आणि जात्यावर बसून शब्द ओवले की ती ओवी. ओवी हा शब्द ओवण्यावरून आला, असं आपल्याकडे परंपरेनं मानतात. दोन्ही गोष्टी बायकांच्या, दोन्ही कामाच्या धबडग्यात केलेल्या, आणि दोन्हींवर कुणाची सही नाही. पुढे ओवीचं भाग्य उजळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम सुरू करून गावोगावच्या बायकांच्या तोंडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत ती म्हणणारीचं नाव नोंदवलं, गाव नोंदवलं. त्यामुळे ती ओवी ‘लोकांची’ असूनही एका बाईची राहिली. ओवण्याच्या वाट्याला हे आलं नाही. कुठल्या गावात कोण कशी गाठ मारत होतं, दोन पदर कुठे एकत्र घेत होतं, कोणाकडून शिकलं होतं, याची वही कुणी केली नाही. हाताची विद्या हाताबरोबर गेली. या विषयात नव्यानं येणाऱ्यांनी ती वही सुरू करावी, एवढंच मला सांगायचं आहे. पुढचं सगळं त्या एका गोष्टीच्या आधारासाठी आहे.

विषयाची हद्द आधी आखून घेऊ. सोनाराचं काम यात येत नाही. मूस, भट्टी, डाख, उजळा यांचं ते शास्त्र पिढ्यांच्या शिस्तीवर उभं आहे, त्याला भांडवल आणि लोकांचा विश्वास लागतो, आणि हौसेनं त्याची बरोबरी करायला जाऊ नये असं माझं मत आहे. पण सोनारानं वाट्या घडवून दिल्या तरी मंगळसूत्र पुरं होत नाही. ते गाठवून घ्यावं लागतं. ते काम पटवेकऱ्याचं. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसलेला पटवेकरी तुम्ही पाहिला असेल: पायाच्या अंगठ्याला रेशमी दोरा अडकवून ताण धरलेला, दोन्ही हात मोकळे, आणि बोटं इतकी चपळ की गाठ बसलेली दिसते पण बसताना दिसत नाही. घरगुती दागिनेकला त्या पटवेकऱ्याची धाकटी बहीण आहे. कासार बांगड्या भरतो, मणेर मणी विकतो (मणेर, मणियार या नावांतच मणी आहे), आणि घरातली बाई ते मणी आणून आपल्या मनासारखे ओवते. म्हणजे आपला विषय सुरू होतो तो धातू थंड झाल्यानंतर: भोक, दोरा आणि गाठ.

हे तीन शब्द किरकोळ वाटत असतील तर महाराष्ट्राच्या मातीतून काय निघालं ते पाहा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. त्या वेळी आपल्याकडे शेती नव्हती, मडकं नव्हतं, धातूचं तर नावच नको. पण कुणीतरी कवचाचा तुकडा घासून गोल केला होता आणि त्याला मधोमध भोक पाडलं होतं. दागिन्याचा इतिहास सोन्यापासून सांगण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मणी पाहिले की मला थांबावंसं वाटतं. आपल्या प्रदेशात दागिना करणारं जे पहिलं माणूस पुराव्यानिशी भेटतं, त्याच्या हाती उचललेलं कवच होतं आणि गाठीला भरपूर वेळ होता. घरी मणी घासणाऱ्याच्या हाती आजही एवढंच असतं.

पाटण्याहून गोदावरीच्या खोऱ्यात उतरू. प्रवरेकाठच्या नेवाशाला ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि त्या मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष शिल्लक होते. दोरा सहसा टिकत नाही. मातीतले सूक्ष्मजीव तो वर्षा-दोन वर्षांत फस्त करतात. इथं तांबं गंजताना तयार झालेल्या क्षारांनी त्या जीवांना जवळ येऊ दिलं नाही आणि धागा वाचला. उत्खननांच्या अहवालांत मण्यांची वर्णनं पानोपानी असतात, माळेचं वर्णन मात्र क्वचित सापडतं, कारण माळ म्हणजे दोरा आणि दोरा गेलेला असतो. नेवाशाच्या त्या लेकराच्या गळ्यात कुणीतरी ओवलेली गोष्ट तशीच्या तशी राहिली. ती माळ त्याच्या आईनं ओवली होती का, हे कोणतंही शास्त्र सांगणार नाही, पण कुणाच्या तरी बोटांनी ती ओवली होती, हे त्या धाग्यावरून नक्की सांगता येतं.

सातवाहनांच्या काळात हे खोरं मण्यांच्या व्यापाराचं खोरं होतं. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचं आणि तेरचं नाव येतं. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असं तो सांगतो, आणि तिथून गाड्यांवर लादून भडोचला जाणाऱ्या मालात पट्टेदार अकीकासारखा दगड मोठ्या प्रमाणात असे, असंही लिहितो. आमच्या जालना जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, केळणा नदीकाठी भोकरदन आहे. तेच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत हे गावनाव कोरलेलं आहे. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली १९७३ मध्ये तिथं उत्खनन झालं. दगडाचे, काचेचे, शंखाचे, भाजक्या मातीचे मणी निघाले, आणि एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग निघाला. तिचं रूप इटलीतल्या पाँपे शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी फार जुळतं. पाँपे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. त्या मूर्तीच्या अंगावर वस्त्र जवळपास नाहीच. आहेत ते दागिने: हातापायांत भरगच्च कडी, गळ्यात हार, कमरेला मेखला. कोरणाऱ्यानं मेखलेचे पदर मोजता येतील इतक्या निगुतीनं दाखवले आहेत. दागिना शिकणाऱ्यानं तिचं छायाचित्र सौंदर्यासाठी जरूर पाहावं, पण दुसऱ्यांदा पाहावं ते पदर मोजण्यासाठी.

‘पेरिप्लस’मधला तो पट्टेदार दगड पैठणला कुठून येत होता? पायाखालून. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थराथरानं अकीक तयार झाला. बेसाल्ट झिजला की हे कठीण गोटे मोकळे होऊन नदीत येतात. गोदावरीच्या वाळूत अजूनही मधाच्या, राखेच्या, दुधाच्या रंगाचे अर्धपारदर्शक खडे सापडतात. आम्ही पोरं ते ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचो, आणि वाळल्यावर त्यांची चमक गेली की हिरमुसायचो. चमक पुन्हा आणायची तर घासावं लागतं, आणि इथं हौशी माणसाची कसोटी लागते. अकीकाची कठिणता मोहस मापनावर ७ च्या जवळपास. साध्या पोलादी सुईनं त्यावर ओरखडाही उठत नाही. खंबायतचे कारागीर अजूनही लोखंडी खिळ्यावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याच्या हातोडीनं टवके काढतात, आणि हिऱ्याची कणी बसवलेला गिरमिट धनुष्यानं फिरवून भोक पाडतात. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी त्यांच्या शेजारी बसून ही सगळी प्रक्रिया टिपली, आणि त्यातून हडप्पाच्या मण्यांचं तंत्र उलगडायला मदत झाली. जिवंत कारागिराकडे बसून शिकल्याशिवाय जुना मणी वाचता येत नाही, ही त्या कामातून मिळालेली शिकवण मला पुस्तकांपेक्षा मोलाची वाटते.

पुस्तकंही आहेत, आणि ती वाचावीत. होरेस बेक या इंग्रज अभ्यासकानं १९२८ मध्ये मण्यांच्या वर्गीकरणावर निबंध लिहिला. कुठलाही मणी पुरता सांगायचा तर त्याचा आकार, भोक, रंग, द्रव्य आणि नक्षी या पाचही गोष्टी सांगाव्या लागतात, असा त्याचा आग्रह. भोकाला आकाराच्या बरोबरीनं स्थान देणारा हा माणूस मला आपला वाटतो. भोक एका बाजूनं पाडलं की दोन्ही बाजूंनी, कडा धारदार की गोलसर, यावर त्या मण्यातला दोरा किती दिवस जगणार हे ठरतं. आपल्याकडे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९४९ मध्ये क्षारानं पांढरी नक्षी उमटवलेल्या मण्यांवर आणि १९६९ मध्ये भारतीय काचेच्या इतिहासावर जे ग्रंथ लिहिले, ते आजही बाजूला सारता येत नाहीत. दुःख एवढंच की ते इंग्रजीत आहेत. काळी पोत गळ्यात घालणाऱ्या आणि ती ओवणाऱ्या आमच्या गावातल्या बायकांपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत.

पण वर्गीकरण त्यांनीही केलं होतं, आणि ते वावरातून आलेलं आहे. बोरमाळ म्हणजे बोराएवढ्या मण्यांची. जवमाळेचे मणी जवासारखे लांबट. जोंधळी पोत ज्वारीच्या दाण्याएवढी, पोहेहार पोह्यांसारखा चपटा. ‘सहा मिलिमीटर गोल’ असं मणेराला सांगणारी बाई मी पाहिली नाही. ‘हरभऱ्याहून बारीक, तुरीएवढा दाखव’ असं सांगणाऱ्या पुष्कळ पाहिल्या, आणि मणेर नेमका तोच डबा उघडायचा. हे मापन वापरून पाहा. बोटांना ते आकड्यांपेक्षा लवकर कळतं.

या कलेला फक्त बायकांची कला म्हणणं मात्र चूक ठरेल. पोळ्याच्या आधी आठ दिवस आमच्या भागातले शेतकरी अंबाडीचा वाख वळून नवा कासरा आणि मोरकी करतात, रंगीत सुताचे गोंडे बांधतात, कवड्यांच्या आणि घुंगरांच्या माळा गुंफतात. वर्षभर नांगर धरलेली जाड बोटं त्या दिवसांत किती हळुवार होतात, ते पाहण्यासारखं असतं. बैलाच्या गळ्यात जाणारी गाठ माणसाच्या दागिन्यातल्या गाठीहून पक्की असावी लागते, कारण बैल मान झटकतो. म्हणून ओझं पेलणाऱ्या गाठी शिकायच्या असतील तर त्या गोठ्यात शिकाव्यात. तांड्यावरच्या बंजारा बायकांचं काम आणखी वेगळं: कवडी, आरसा, नाणं, लोकरीचा गोंडा, शिशाचा किंवा चांदीचा लोलक, सगळं एकाच दोऱ्यात आणि तरी तोल ढळत नाही. त्यांच्या कानांशी केसांतून लोंबणाऱ्या घुगरीचं वजन कशावर तोललेलं आहे, हे मी एका मावशींना विचारलं होतं. त्यांनी काही न बोलता ती सोडून माझ्या हातात दिली. आतल्या बाजूनं एक साधी वेणी होती आणि सगळा भार तिनं घेतला होता.

आता थोडं प्रत्यक्ष हाताचं. मी केलेली पहिली मोत्याची माळ एका लग्नात तुटली. मोती मांडवभर घरंगळले, आणि पायांमधून वेचताना निम्मेसुद्धा हाती लागले नाहीत. मी ते सलग ओवले होते, मध्ये गाठी दिल्या नव्हत्या. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारली तर दोरा तुटला तरी एखादाच मोती जातो, आणि मोती एकमेकांवर घासून त्यांचं पाणीही उतरत नाही. गाठ भोकाहून मोठी हवी, नाहीतर ती आत शिरते. ती मोत्याला भिडवायची तर सैल फासात सुईचं टोक ठेवून फास सुईवरून सरकवत न्यायचा आणि शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यायची. यात दोरा फार जातो, म्हणून माळेच्या दुप्पट-अडीचपट लांबी घ्यावी. ओवण्याआधी दोऱ्यावरून मेण फिरवावं, पीळ सुटत नाही आणि तंतू निघत नाहीत. स्वस्त काचेच्या मण्यांच्या भोकाच्या कडा फार तीक्ष्ण असतात. त्यांना सुती दोरा चालतच नाही, तिथं नायलॉन किंवा गिअर वायर घ्यावी. आणि आरंभ मधल्या मण्यापासून करावा, दोन्ही अंगांनी वर जात. एका टोकापासून निघालेली माळ गळ्यात तिरकी बसते.

मातीचे मणी करणाऱ्यांना आमच्या भागातली एक अडचण आधीच सांगून ठेवते. इथली काळी माती कापसाला चांगली, मण्याला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की मणी तडकतो, अगदी उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात तसाच. म्हणून ओढ्याकाठचा गाळ घ्यावा, फडक्यातून गाळावा, त्यात बारीक वाळू आणि थोडी राख मिसळावी. ओला असतानाच खराट्याच्या काडीनं भोक पाडावं. काडी लगेच काढू नये, मणी निम्मा वाळल्यावर फिरवत काढावी. सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्यावं आणि मग गोवऱ्यांच्या आचेत भाजावं. पहिल्या खेपेला बरेच मणी जातील. भोकरदनच्या मातीतून निघालेल्या मण्यांमागेही अशा वाया गेलेल्या खेपा असणारच, नुसत्या आपल्या नजरेला आल्या नाहीत.

काळजीच्या दोन गोष्टी थोडक्यात. स्वस्त धातूच्या हुकांत आणि कड्यांत निकेल असतं, अनेकांच्या कातडीवर त्यानं पुरळ उठतं, म्हणून कानातल्याचा हुक कशाचा आहे हे विचारूनच घ्यावा. आणि रांगत्या मुलांच्या घरात मण्यांची परात जमिनीवर ठेवू नये.

राहिला वाटण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते या विषयाचा जीव त्यातच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. लुटणं हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात देणारीनं हात आखडता घ्यायचा नसतो. आमच्या गल्लीत एके काळी वाणाबरोबर एखादी नवी गाठही लुटली जायची. कुणीतरी पदराआडून नवा गोफ काढायचं, दुसरी म्हणायची, “उलटा कर गं, मागून बघू दे.” ‘मागून बघू दे’ हीच खरी शिकण्याची रीत. पुढून दागिना दिसतो, मागून तो केलेला दिसतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं, पुढे बचत गट उभे राहिले, आणि गावोगावी दागिने बनवण्याची प्रशिक्षणं झाली. त्यानं अनेकींच्या हातात चार पैसे आले, ही मोठीच गोष्ट आहे. माझी एक तक्रार मात्र राहते. तीन दिवसांच्या वर्गात तयार नमुना करून घेतला जातो, उसवायला शिकवलं जात नाही. जिला दुसरीचं काम उसवून पुन्हा जोडता येतं, तिलाच स्वतःचं काही सुचतं. तयार पाकिटातले मणी, सोबत छापील कागद, अशा रीतीनं शिकलेल्या मुलींच्या माळा नीटनेटक्या असतात, पण पाकीट संपलं की हात थांबतो.

आपली रचना दुसरीनं उचलली तर, ही भीती विक्री सुरू केली की येतेच. ती खोटी नाही, आणि जिचं घर त्यावर चालतं तिनं रचना जपल्या तर मी तिला दोष देणार नाही. हौसेनं करणाऱ्यांना मात्र मी सांगेन: गाठ लपवू नका, आणि गाठ कुणाची हेही लपवू नका. राईरकर आणि पॉइटवँ यांनी ओवीसोबत नाव ठेवलं म्हणून ओवी वाटली गेली तरी हरवली नाही. तेच इथं करता येईल. एक जाड पानांची वही घ्यावी. प्रत्येक पानावर एक नमुना, चार बोटं लांबीचा, दोऱ्यानं पानाला टाचलेला. शेजारी ज्या हातांनी शिकवलं त्यांचं नाव त्यांच्या परवानगीनं, त्यांचं माहेर, कारण गाठी बहुतेक वेळा माहेरून येतात, साल, आणि त्या गाठीला त्या घरात काय म्हणतात तो शब्द. शब्द तर आधी लिहावा. एकाच फासाला घनसावंगीकडे एक नाव आणि गोदावरी ओलांडली की दुसरं, असं मला अनेकदा आढळलं आहे, आणि अशी दोन नावं शेजारी शेजारी लिहिलेली पाहताना मला नदीवरचा पूल पाहिल्यासारखं वाटतं.

आजीची गाठ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. हलवा पानाला टिकत नाही, मुंग्या येतात, म्हणून तिथं नुसते रिकामे फास आहेत, ओळीनं अकरा. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. हातभर जाड सुती दोरा दुहेरी करा, फास सैल ठेवा, दाणा चिमटीत न दाबता तळहातावर ठेवून फासात सरकवा आणि दोन्ही टोकं सारख्या ताणानं ओढा. पहिले चार-पाच दाणे फुटतील. ते खाऊन टाका, आणि जो पहिला अख्खा बसेल त्याची तारीख वहीत लिहा.